उन्हापासून केरोसीन

जळून गेलेल्या इंधनाचे पुन्हा इंधन करता येते. पेट्रोल, डिझेल किंवा विमानाचे केरोसीन जळले की मागे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उरते. हेच दोन पदार्थ घेऊन, त्यांत बाहेरून ऊर्जा घालून, पुन्हा द्रवरूप इंधन बनवता येते आणि ते आजच्या विमानांत, आजच्या टाक्यांत, आजच्या नळांमधून वापरता येते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे आधी प्रयोगशाळेत, मग एका गच्चीवर, मग एका मनोऱ्यावर करून दाखवले गेले. त्यासाठी लागणारी ऊर्जा थेट उन्हातून घेतली गेली. या पुस्तकाचा विषय हाच आहे.

असे काही वाचले की आपल्याकडच्या वाचकाच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडायलाच हवी. १९९६ साली तामिळनाडूतील एका माणसाने झाडपाला पाण्यात उकळून पेट्रोल तयार होते असा दावा केला. देशभर गाजावाजा झाला, शास्त्रज्ञांसमोर प्रात्यक्षिके झाली, लोकांनी ते इंधन विकतही घेतले. पुढे २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्याला फसवणुकीबद्दल शिक्षा सुनावली, कारण विकले जात होते ते पेट्रोलियम रसायनांचेच मिश्रण होते. पहिल्याच दिवशी कुणी शांतपणे विचारले असते की या पेट्रोलमध्ये ऊर्जा आली कुठून, तर पुढचे पुष्कळ टळले असते. चुलीतल्या आगीपेक्षा जास्त ऊर्जा त्या भांड्यातून निघणार कशी?

हा प्रश्न मी या पुस्तकात एकाही पानावर सोडलेला नाही. त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आहे: कार्बन आला कुठून? कृत्रिम इंधनाचा कोणताही प्रकल्प, कोणतीही जाहिरात, कोणत्याही मंत्र्याची घोषणा या दोन प्रश्नांवर घासून पाहावी. उत्तरे नीट मिळाली तर ते इंधन उपयोगाचे. एकाचे जरी उत्तर गोलमाल असेल तर आपण धूर एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी सोडत आहोत, एवढेच.

आधी ऊर्जेचे पाहू. एक किलो केरोसीन जळताना सुमारे ४३ मेगाजूल ऊर्जा देते, म्हणजे विजेच्या भाषेत जवळपास १२ युनिट. जळण्याची ही क्रिया उलटी फिरवायची तर किमान तेवढी ऊर्जा परत भरावी लागते, यातून निसर्गात कुणालाच सूट नाही. प्रत्यक्षात तर बरीच जास्त लागते, कारण प्रत्येक पायरीवर थोडी थोडी उष्णता निसटते. म्हणून कृत्रिम इंधन हा ऊर्जेचा स्रोत नव्हे. स्रोत सूर्यच राहतो. इंधन हे त्याची ऊर्जा साठवण्याचे आणि दूर नेण्याचे साधन आहे. झाडेही हेच करतात, पण फार हळू: शेतातले पीक अंगावर पडणाऱ्या उन्हातली साधारण एक टक्का ऊर्जा, पुष्कळदा त्याहूनही कमी, साठवते. जमिनीखालचे खनिज तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म जलजीवांनी साठवलेले ऊनच.

रसायनशास्त्राचा शेवटचा टप्पा नवा मुळीच नाही. जर्मनीत म्युलहाइम येथील कोळसा संशोधन संस्थेत फ्रान्त्स फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले, की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण लोह किंवा कोबाल्टच्या उत्प्रेरकावरून नेले की कार्बनच्या लांब साखळ्या तयार होतात. त्या साखळ्यांतून पुढे डिझेल, केरोसीन, मेण, जे हवे ते काढता येते. या मिश्रणाला सिनगॅस म्हणतात. जर्मनीने ते कोळशापासून बनवले, आणि दुसऱ्या महायुद्धात तेलाची टंचाई असताना तिच्या इंधनाचा काही भाग या मार्गाने आला. नंतर दक्षिण आफ्रिकेत सासोल कंपनीने १९५५ पासून हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली, तीही कोळशावरच. सासोलचा सेकुंडा येथील कारखाना आज जगात एकाच ठिकाणाहून सर्वाधिक कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या जागांमध्ये गणला जातो. म्हणजे कृत्रिम इंधन हे आपोआप स्वच्छ इंधन ठरत नाही. सिनगॅस कशापासून आणि कोणत्या उष्णतेने बनवला यावर सारे अवलंबून आहे, आणि खरी नवी गोष्ट तिथेच घडली आहे.

ती समजायला आपल्याकडची चुन्याची भट्टी आठवावी. चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो विरवून भिंतीला दिला की तो हळूहळू हवेतला तोच वायू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. एका गरम आणि एका थंड टप्प्यात पदार्थ काही सोडतो आणि पुन्हा घेतो. सेरिया हा असाच वागणारा पदार्थ आहे, फक्त तो ऑक्सिजन सोडतो आणि घेतो. सेरियम धातूचे हे ऑक्साइड फिकट पिवळे असते. मोटारींच्या धुराच्या नळीतल्या उत्प्रेरकात ते वर्षानुवर्षे वापरात आहे. सेरियमला दुर्मिळ मृदा गटात घालतात, तरी पृथ्वीच्या कवचात ते जवळजवळ तांब्याइतके विपुल आहे. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतही ते मिळते.

सुमारे १५०० अंश सेल्सिअसला आणि कमी दाबाखाली सेरियाच्या स्फटिकातून थोडा ऑक्सिजन निघून जातो. मुख्य गोष्ट अशी की त्याची स्फटिकरचना मोडत नाही, रिकाम्या जागा तशाच राहतात. मग तापमान ९०० अंशांच्या आसपास आणून त्याच्यावरून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सोडला, की सेरिया त्या दोघांतला ऑक्सिजन हिसकावून घेतो. पाण्यातून उरतो हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइडमधून उरतो कार्बन मोनॉक्साइड. झाला सिनगॅस. सेरिया पूर्ववत झाला की पुन्हा तापवायचा. २०१० मध्ये कॅलटेक आणि झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी, त्यांत सोसिना हाइले आणि आल्डो स्टाइनफेल्ड होते, हे चक्र शेकडो वेळा चालवून ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. त्यात उन्हातल्या ऊर्जेचा इंधनात उतरलेला वाटा एक टक्क्याहूनही कमी होता, पण पदार्थ टिकतो हे सिद्ध झाले. त्याआधी अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सँडिया प्रयोगशाळेत रिच डायव्हर यांनी लोह आणि कोबाल्टच्या ऑक्साइडच्या फिरत्या कड्यांची एक भट्टी रचली होती. तापलेली आणि निवती कडी एकमेकांच्या विरुद्ध फिरत आणि एकमेकांना उष्णता देत. ‘सनशाइन टू पेट्रोल’ हे त्या प्रकल्पाचे नाव होते. कड्यांची ती कल्पना मला अजूनही अतिशय सुंदर वाटते, कारण या सगळ्या प्रकाराचा गाभा उष्णता परत मिळवण्यातच आहे. त्याकडे पुढे येऊ.

पंधराशे अंश उन्हातून कसे मिळवायचे? घरावरच्या साध्या सौर तापकात पाणी तापते, सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत. शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ मध्ये ७३ अंतर्वक्र तबकड्या बसवण्यात आल्या. त्या ऊन एकवटून वाफ तयार करतात आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचे जेवण शिजते. सेरियासाठी त्याच्याही खूप पुढे जावे लागते. स्टाइनफेल्ड यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रयोगशाळेत, सूर्यासारख्या प्रखर दिव्यांखाली, पाणी आणि कार्बन डायऑक्साइडपासून पहिले केरोसीन बनवल्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये झुरिकमधील विद्यापीठाच्या एका इमारतीच्या गच्चीवर खऱ्या उन्हात पूर्ण साखळी उभी राहिली: एक मोठी तबकडी, दोन भट्ट्या, एक तापत असताना दुसरी वायू तोडत असे, आणि पाणी व कार्बन डायऑक्साइड दोन्ही थेट झुरिकच्या हवेतून. ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या शोधनिबंधानुसार सात तास चालणाऱ्या एका दिवसात ३२ मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल मिळत असे. खोकल्याच्या औषधाची लहान बाटलीही त्याने भरणार नाही. पण शहराच्या हवेतून आणि उन्हातून, वीज न वापरता रासायनिक बंध तोडून, द्रव इंधन थेंबाथेंबाने बाहेर येत होते, आणि त्याआधी जगात कुठेही असे झाले नव्हते.

पुढची पायरी स्पेनमध्ये, माद्रिदजवळच्या मोस्तोलेस गावी. तिथे जमिनीवर सूर्याच्या मागोमाग वळणारे १६९ आरसे आहेत. ते सगळे ऊन एका मनोऱ्यावरच्या लहान खिडकीवर टाकतात आणि तिथे उन्हाची तीव्रता सुमारे अडीच हजार पट होते. त्या खिडकीआड ५० किलोवॅटची सेरियाची भट्टी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथे सिनगॅसची कार्यक्षमता ४.१ टक्के होती, आणि मनोऱ्यावरच केरोसीन व डिझेलही तयार झाले. चार टक्के हा आकडा लहान वाटतो. पण भट्टी पंधराशे अंशांवरून नऊशेवर आणताना जी उष्णता बाहेर पडते ती त्या वेळी वाया जात होती. दर चक्रात सेरियाचा सगळा ठोकळा तापवायचा, निववायचा, पुन्हा तापवायचा: ऊर्जेचा मोठा भाग यातच जातो. ही उष्णता परत पकडली आणि सेरियाच्या आतल्या पोकळ्यांची रचना सुधारली तर कार्यक्षमता पंधरा टक्क्यांच्या पुढे नेता येईल, असे गणित सांगते. ते गणित प्रत्यक्षात उतरवणे हेच आता या शाखेचे मुख्य काम आहे, आणि ते अवघड आहे. इतक्या तापमानाला टिकणारे धातू, नळ, झडपा मिळत नाहीत. एखादा ढग आला की सगळे विसकटते.

स्टाइनफेल्ड यांच्या गटातून निघालेल्या सिन्हेलियन कंपनीने जून २०२४ मध्ये जर्मनीतील युलिश येथे आरशांचा मनोरा असलेला लहान कारखाना सुरू केला. दिवसाची उष्णता साठवून ती रात्री वापरण्याची सोय त्यात आहे. मात्र तिथे सेरियाने कार्बन डायऑक्साइड तोडला जात नाही. जैविक कचऱ्यातून आलेला मिथेन आणि वाफ यांची क्रिया सूर्याच्या उष्णतेवर घडवून सिनगॅस केला जातो. हा मधला टप्पा आहे आणि तो व्यवहार्य आहे. बातम्यांमध्ये हा फरक पुसला जातो, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

दुसरी वाट विजेची. सौरपॅनेलांनी वीज करायची, विजेने पाणी तोडून हायड्रोजन घ्यायचा, तो कार्बन डायऑक्साइडशी जोडायचा. ही वाट जास्त वळणांची असली तरी आज ती पुढे आहे, कारण पॅनेल कमालीचे स्वस्त झाले आणि पाणी तोडण्याची यंत्रे बाजारात मिळतात. डेन्मार्कमध्ये आबेनराजवळ कासो येथे मे २०२५ मध्ये सुरू झालेला कारखाना वर्षाला ४२,००० टनांपर्यंत मिथेनॉल बनवू शकतो. शेजारच्या सौर उद्यानाची वीज, बायोगॅस संयंत्रातून वेगळा केलेला कार्बन डायऑक्साइड, आणि गिऱ्हाइकांत मर्स्कची मालवाहू जहाजे. गच्चीवरच्या ३२ मिलिलिटरपासून इथवर सहा वर्षांत. अर्थात मार्ग वेगळा, कंपनी वेगळी, पण रसायनाची दिशा एकच. मनोरे जिंकतील की पॅनेल, यावर मी पैज लावणार नाही. वाळवंटात थेट उष्णतेला भवितव्य आहे आणि ढगाळ प्रदेशात पॅनेलला, असे मला वाटते. कारण आरशांना सरळ येणारे ऊनच एकवटता येते, तर पॅनेल ढगांतून विखुरलेल्या प्रकाशावरही थोडेफार चालतात.

आता दुसरा प्रश्न. कार्बन कुठून आणायचा? सर्वांत सोपी जागा म्हणजे कारखान्याचे धुराडे, कारण तिथे हा वायू दाट असतो. मध्य प्रदेशात एनटीपीसीच्या विंध्याचल औष्णिक केंद्रात धुरातून रोज २० टन कार्बन डायऑक्साइड पकडण्याची आणि रोज १० टन मिथेनॉल करण्याची सोय उभी केली आहे. तंत्र शिकण्यासाठी हा प्रकल्प मोलाचा आहे. पण त्या वायूतला कार्बन जमिनीखालच्या कोळशातून आला आहे. त्याचे मिथेनॉल करून जाळले की तो शेवटी हवेतच जातो, फक्त मधे एकदा उपयोगी पडून. एकाच कार्बनचे श्रेय वीजकेंद्रालाही आणि इंधनालाही देणे हा चुकीचा हिशेब होईल. युरोपीय संघाने हे ओळखून नियम केला आहे: वीजकेंद्रांतल्या खनिज कार्बनापासूनचे इंधन २०३६ पासून, आणि इतर उद्योगांतल्या अशा कार्बनाचे २०४१ पासून, स्वच्छ म्हणून धरले जाणार नाही. मला हा नियम योग्य वाटतो. आइसलँडमध्ये स्वार्टसेंगी येथे भूगर्भातील वाफेसोबत वर येणारा कार्बन डायऑक्साइड वापरून मिथेनॉल बनवणारा कारखाना २०१२ मध्ये उभा राहिला. त्या कारखान्याला नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओला यांचे नाव दिले आहे. मिथेनॉलवर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेची कल्पना त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात चिकाटीने मांडली होती.

खऱ्या अर्थाने बंद वर्तुळ होते ते हवेतून कार्बन घेतला तर, किंवा हवेतूनच कार्बन घेऊन वाढलेल्या वनस्पतींच्या अवशेषांतून घेतला तर. हवेत हा वायू आज दर दहा लाख रेणूंत सव्वाचारशेच्या आसपास आहे, म्हणजे २,३०० ते २,४०० रेणूंमागे एक. हवामानासाठी एवढे प्रमाण घातक आहे, पण गोळा करायला ते अतिशय विरळ आहे. एक टन मिळवण्यासाठी प्रचंड हवा पंख्यांनी गाळावी लागते आणि गाळणी मोकळी करायला पुन्हा उष्णता लागते. तंत्र अस्तित्वात आहे, महाग आहे.

इतके महाग आणि कष्टाचे इंधन वापरायचे कुठे? इथे माझे मत ठाम आहे. मोटारीत नाही. तीच सौरवीज थेट बॅटरीत भरली तर मोटार चार-पाच पट अंतर जाते. विमानाचे तसे नाही. लांब पल्ल्याचे मोठे विमान शंभर टनांच्या घरात इंधन घेऊन उडते. आजच्या उत्तम बॅटरीत किलोमागे जेमतेम एक मेगाजूल मावतो, केरोसीनमध्ये ४३. इंजिनापेक्षा मोटर कितीही काटकसरी असली तरी मुंबईहून लंडनला जाणारे विमान बॅटरीवर उडणार नाही. महासागर ओलांडणाऱ्या जहाजांचेही जवळपास तेच. युरोपने विमानतळांवर २०२५ पासून दोन टक्के आणि २०५० पर्यंत सत्तर टक्के शाश्वत इंधन मिसळण्याची सक्ती केली आहे. त्या सत्तरातले निम्मे अशा कृत्रिम इंधनाचे असावे लागेल. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक टक्का आणि २०३० मध्ये पाच टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले आहे. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज कंपनीने इंडियन ऑइलसोबत देशी कच्च्या मालापासून तयार केलेले असे इंधन थोडे मिसळले होते. ते जैवइंधन होते, या पुस्तकातले नव्हे. पण विमानाला आणि विमानतळाला फरक पडत नाही हे त्याने महाराष्ट्राला दाखवले.

जैवइंधनाचा विषय निघाला की पाणी आठवते. आपल्याकडे इथेनॉल उसावर उभे आहे आणि ऊस कुठल्या धरणाचे किती पाणी पितो हे मराठवाड्याला सांगायला नको. उन्हापासून केरोसीन करताना रसायनाच्या हिशेबाने एका लिटर इंधनाला सुमारे एक लिटर पाणी खर्ची पडते. आरसे आणि पॅनेल धुण्याचे पाणी वेगळे, तरी पिकाशी तुलना होऊच शकत नाही. शिवाय जमीन सुपीक असण्याची गरज नाही. कोरडवाहू, खडकाळ माळरानाचा विचार करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

तरीही उद्याच चंद्रपूर किंवा धाराशिवला असा कारखाना काढा, असे मी म्हणणार नाही, आणि कारण आकड्यातच आहे. विजेच्या वाटेने एक लिटर केरोसीन करायला साधारण २० युनिट तरी सौरवीज लागते. त्या लिटरमुळे खनिज केरोसीनचा सुमारे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. तेच २० युनिट महाराष्ट्राच्या वीजजाळ्यात घालून तेवढी कोळशाची वीज बंद केली, तर वाचतो १८ किलोच्या आसपास. सातपट. जोवर चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्रात कोळसा जळतो आहे आणि शेतकरी रात्री पंप सुरू करायला बांधावर जातो आहे, तोवर आपल्या सौरविजेवर पहिला हक्क वीजजाळ्याचा आणि त्या शेतकऱ्याचा आहे. इंधनाचा क्रमांक नंतर. मग आत्ता हे पुस्तक कशासाठी? कारण अशी तंत्रे रुजायला दोन-तीन दशके लागतात. सेरियाचा २०१० मधला प्रयोग ते युलिशचा मनोरा यांत चौदा वर्षे गेली आणि अजून सेरिया त्या मनोऱ्यावर चढलेला नाही. कोळसा हटेल त्या दिवशी विमानांसाठी काय वापरायचे हे तेव्हा शोधत बसायला वेळ नसेल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी उत्प्रेरकांचे ज्ञान आहे, आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुले आहेत, ऊन आहे. छोट्या भट्ट्या आत्ता उभारायला हव्यात, बिघडू द्यायला हव्यात, दुरुस्त करायला हव्यात.

पुस्तकाची मांडणी या क्रमाने नाही. पहिला भाग उष्णतेचा आहे, कारण उष्णता कशी निसटते हे कळल्याखेरीज पुढचे काही कळत नाही. तो बारावीच्या रसायनशास्त्रावर वाचता येईल. दुसरा भाग उत्प्रेरकांचा, तो थोडा जड आहे आणि घाईत असलेल्याने सोडला तरी चालेल. तिसऱ्या भागात कार्बनाचे हिशेब आहेत. प्रत्येक प्रकल्पासाठी वीज किंवा उष्णता, कार्बनाचा उगम, पाणी आणि जमीन असे चार रकाने ठेवले आहेत, आणि शेवटी एक कोरा तक्ता दिला आहे. त्यात वाचकाने आपल्या जिल्ह्यात येऊ घातलेल्या प्रकल्पाचे आकडे भरावेत, आणि एखादा रकाना भरण्याजोगी माहिती मिळत नसेल तर ती कंपनीकडे किंवा सरकारकडे लेखी मागावी.